फणसाच्या पेटीतली ओली पत्ती

१

कसालच्या लग्नाला जाताना माझ्या सनईवर एक मामा बसले, तिथून ही पेटी सुरू झाली.

मामा माझे नव्हेत, नवऱ्या मुलीचे. साल चोपन्न. तोंडवलीहून कसाल गाठायचं म्हणजे आधी होडीने खाडी ओलांडायची, मग मालवणपर्यंत पायपीट आणि तिथून एस.टी. आमची वाद्यं तेव्हा जुन्या धोतराच्या झोळीत असायची. दोन सनया, एक सूर आणि सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून घेतलेली क्लॅरोनेट. झोळी मी बाकड्यावर ठेवली, तिकिटासाठी कंडक्टरकडे वळलो, आणि मामांनी जागा रिकामी समजून बैठक मारली. कटकन आवाज झाला.

"बाकडा मोडला वाटता," मामा म्हणाले.

बाकडं सरकारी, ते कसलं मोडतंय? थोरल्या सनईला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. सबंध लग्न मी धाकट्या सनईवर काढलं. मामांनी मात्र जेवणावळीत मला दोनदा आग्रह करून जिलबी वाढली, त्यामुळे राग धरायचीही सोय राहिली नाही.

माझ्याबरोबर माझा आतेभाऊ परशुराम होता. तो सूर धरायचा. सूर म्हणजे भोकं नसलेली सनई. तिच्यातून एकच स्वर निघतो आणि तो मध्ये तुटू द्यायचा नसतो. गाल फुगवून त्यात वारा साठवायचा, तो सोडत असतानाच नाकाने नवा श्वास आत ओढायचा. लोक सनईवाल्याला वाहवा देतात, पण सनई उभी असते ती सुराच्या खांद्यावर.

परतीच्या होडीत परशुराम म्हणाला, "बाबली, मी येत्या बोटीन मुंबयक जातंय. गोदीत काम गावला."

आधी सनई फुटली, मग सूर गेला. 

२

आमच्या गावच्या जत्रेत माघी पौर्णिमेला तिन्हीसांजेच्या वेळी देवीची पालखी निघते. तिच्यापुढे वाजवायचा मान आमच्या घराण्याचा. माझा आजा वाजवायचा, बाप वाजवायचा. पण त्याला एक अट आहे. सूर नसेल तर सनई देवळाची पायरी चढत नाही. एकट्या सनईला आमच्याकडे उघडी सनई म्हणतात, आणि देवीपुढे उघडं कोण जातं?

देवळाचे मानकरी भाई माझ्या अंगणात येऊन पानाला चुना लावता लावता म्हणाले, "परशुराम गेलो म्हणान ऐकलंय. बाबली, तुझो बापूस माझो दोस्त होतो. पण पुनवेक सूर व्हयो. नायतर पलीकडल्या गावचे वाजंत्री टपानच आसत."

"सूर गावतलो, भाई," मी म्हटलं.

"गावल्यार बरा," भाई म्हणाले आणि पान तोंडात घालून गेले.

ते गेल्यावर मला सरळ रडू आलं. मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही. माझी बायको सुभद्रा चुलीपुढून उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "रडतास काय? दोन म्हयने आसत. तेवड्यात कोण तरी श्वास घेवक शिकात."

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सनई थांबली तरी सूर थांबत नाही. सूर धरणारा सनईवाल्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे असतो. वाजवणं संपलं की सनईवाल्याने मागे न बघता डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा. याला सूर सोडवणं म्हणतात. हात पडेपर्यंत सूर धरणाऱ्याने धरून ठेवायचं, मग छाती फुटो. सोडवल्याशिवाय सूर टाकला तर अपशकुन, आणि सनईवाला सोडवायला विसरला तर तो पापी.

३

सूर धरायला माणूस नव्हता आणि मी सूर ठेवायला पेटी करायला बसलो. सुभद्रा म्हणाली, "म्हस नाय आणि दावा वळतास." पण हाताला काम असलं की डोकं गप्प राहतं.

फणसाची फळी धोंडूने दिली. धोंडू म्हणजे आमच्या वाडीतला सुतार, होड्या दुरुस्त करणारा. फळी, पटाशी आणि फुकटचा सल्ला तिन्ही त्याच्याकडूनच आलं. "मोजूक पट्टी घी रे," तो म्हणाला. मी नाही घेतली. माझ्या बापाने मला सगळी मापं वितीने शिकवली. थोरली सनई अडीच वीत, धाकटी दोन वीत, सूर अडीच वितीला चार बोटं कमी. तीन वीत लांबीची पेटी केली. आत वाद्यं, चीर लाखेने बुजवलेल्या थोरलीसकट, एकेक आडवी ठेवून कोळशाने कडेकडेने रेघ ओढली आणि रेघेबरहुकूम लाकूड कोरलं. चार वाद्यांच्या चार खाचा. प्रत्येकीच्या डोक्याशी एक लहान खळगा, पत्ती ठेवायला.

पत्ती म्हणजे वाद्याच्या तोंडातली जीभ. ती सुकी असली की वाजत नाही. वाजवण्याआधी तोंडात धरून लाळेने भिजवायची, मऊ झाली की बसवायची. काम झालं की काढून सुकवायची. ओली ठेवली तर कुजते.

सुभद्राने आपल्या दोन जुन्या चोळ्यांचे खण फाडून आत सावरीच्या कापसाची गादी शिवली. बिजागऱ्या तिच्या माहेरच्या मोडक्या ट्रंकेच्या, कडी खिडकीची. मूठ मात्र विकत आणली, मालवणच्या बाजारातून. वाळवी लागू नये म्हणून बाहेरून काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हे तेल कातडीला लागलं की भाजतं हे मला माहीत होतं. तरीही मी ते हाताने चोपडलं. दोन्ही पंजे टरारून फोडांनी भरले, आणि आठ दिवस सुभद्राने मला भरवलं. पहिल्या घासाला ती इतकी हसली की भात माझ्या नाकात गेला.

पेटी मात्र अशी झाली की धोंडूनेसुद्धा दोनदा उघडून मिटून पाहिली. "माझ्या हाताखाली ऱ्हवलं असतंस तर माणूस झालं असतंस," तो म्हणाला.

४

हाताला फडकी गुंडाळलेली, त्यामुळे वाद्याला शिवायचा प्रश्न नव्हता. तरी रोज सकाळी चहा झाला की मी सुभद्राला पेटी उघडायला लावायचो, नुसतं बघायला.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सुराची पत्ती ओली कशी?"

मी वाकून पाहिलं. थोरल्या सनईची पत्ती कोरडी, धाकटीची कोरडी, क्लॅरोनेटची कोरडी. सुराची ओली. टोकाशी पाण्याचा बारीक थेंब.

आता आमची हवा खारी. मीठसुद्धा आमच्याकडे आपोआप भिजतं. मी म्हटलं, लाकूड अजून ओलं असेल. सुभद्राने पत्ती पुसून चुलीच्या कडेला सुकवली आणि परत ठेवली. चौथ्या दिवशी पुन्हा ओली. मग मी खळग्यांची अदलाबदल करवली. सुराची पत्ती धाकटीच्या खळग्यात, धाकटीची सुराच्या. लाकडाचा दोष असेल तर आता धाकटीची भिजायला हवी.

पाचव्या दिवशी सुराचीच ओली होती. आणि ती जराशी कोमट लागली, हे सुभद्रा म्हणाली, मी नाही. माझ्या बोटांना फडकी होती.

५

मी विचार करणारा माणूस आहे. भुताखेताच्या गजाली ऐकायला मला आवडतात, पण त्या दुसऱ्याच्या घरच्या. मी सरळ हिशेब मांडला. घरात माणसं दोन. आम्हांला मूलबाळ नाही, त्यामुळे कोणी खेळताना तोंडात घातली म्हणावं तर तेही नाही. माझे हात बांधलेले. उरली सुभद्रा.

आणि मला एकदम उलगडलं. परशुराम असताना ती आमचा सराव ऐकायची. तिने गुपचूप सूर शिकायला घेतला असणार! मला इतका आनंद झाला की मी तिला विचारलंसुद्धा नाही. फक्त संध्याकाळी म्हटलं, "गो, नाकान श्वास घेताना पोट आत ओढूचा नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताप इलो काय तुमका?"

"सुराची पत्ती तूच भिजवतंस ना?"

"मी? मी शिवाक लागलंय तर पेटी इटाळात म्हणान उघडताना सुदिक हात धुतंय." मग तिचाही चेहरा उतरला. "म्हटल्यार तुमी नाय?"

"माझे हात बघ."

दोघांनी एकदमच पेटीकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं, आणि तिचं पाहून मला. रात्री मात्र मी तिला पेटीला कुलूप घालायला लावलं आणि किल्ली माझ्या कंबरेच्या करदोट्याला बांधून घेतली.

माझी फडकी सुटल्यावर ती चार दिवस माहेरी कसालला गेली. घरात मी एकटा, किल्ली करदोट्याला. चारही सकाळी सुराची पत्ती ओली होती. हात तोवर बरे झाले होते. कोमट होती, हे मला तेव्हा कळलं.

६

त्यातल्या शेवटच्या दुपारी मी ओसरीवर जाळं विणत बसलो होतो. ऊन कडक. माडावर कावळासुद्धा बोलत नव्हता. पेटी आतल्या खोलीत, कुलूपबंद.

आतून आवाज आला. सूर नव्हे. सूर असता तर मी म्हणालो असतो की वारा कुठल्या तरी फटीतून शिरतोय. आवाज श्वासाचा होता. सूर धरणारा नाकाने जो तोकडा श्वास ओढतो, तो. हा आवाज लोकांना कधी ऐकू येत नाही, वाद्याखाली बुडून जातो. फक्त एक पाऊल पुढे उभा असलेला सनईवाला तो ऐकतो. मी परशुरामचा बारा वर्षं ऐकला होता.

एक श्वास. मग थोडी शांतता. मग दुसरा. परशुरामसारखा सफाईचा नव्हता. मध्येच चुकायचा, दोनदा ओढला जायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. कोणी तरी शिकत होतं.

मी स्वतःला सांगितलं, मांजर आहे. कौलावर घूस आहे. मग जाळं ठेवलं, उठलो आणि अंगणाच्या पार टोकाला, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो.  तिथून घराचं दार दिसत होतं. संध्याकाळी सुभद्रा माहेराहून डोक्यावर काजूची पिशवी घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो.

तिला सगळं सांगितलं. ती आत गेली, माझ्याकडून किल्ली घेऊन पेटी उघडली, पत्ती उचलली. मला वाटलं, फेकेल. तिने ती नाकाशी धरली, मग तळहातावर ठेवून कितीतरी वेळ पाहिली.

"कोणाची तरी लाळ आसा, इतक्याच," ती म्हणाली. "शिकता तर शिकू दे. तुमका सूर व्हयो ना?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. त्यानेच मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या सकाळी मी उठायच्या आधी तिने पेटी उघडली होती, आणि ती गुणगुणत होती.

७

पौर्णिमा आठ दिवसांवर आली. सूर धरायला सबंध वाडीत कोणी मिळेना. तरणीताठी सगळी मुंबईला, म्हातारे खोकणारे. शेवटी मी धोंडूचे पाय धरले.

"माझो श्वास बिडयेन खाल्लो," धोंडू म्हणाला. खरंच होतं. त्याने सूर तोंडाला लावला, गाल फुगवले, आणि जो आवाज निघाला त्याने शेजारची कुत्री उठली.

मग आम्ही ठरवलं ते लबाडीचं होतं, ते मी कबूल करतो. धोंडूने नुसता सूर तोंडाला लावून गाल फुगवून चालायचं. पालखीपुढे ढोल असतो, झांजा असतात, लोकांचा गलबला असतो. भाईंचे कान उतारवयाचे. सूर आहे की नाही कोणाला कळतंय? देवीला कळलं असतं, पण देवी आमचीच, सांभाळून घेईल असं मी मनाशी म्हटलं. लाज वाटत होती. मान जायची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

धोंडूला सदरा सुभद्राने धुऊन दिला. पेटी खांद्याला लावून मी देवळात शिरलो तेव्हा लोक वाद्यांपेक्षा पेटीच बघत होते. एका म्हातारीने तर हात जोडले, तिला वाटलं आत देव आहे.

देवीला गाऱ्हाणं घालून झालं. पालखी उचलली. मी सनई तोंडाला लावली आणि पहिला स्वर काढायच्या आतच डाव्या बाजूने, एक पाऊल मागून, सूर लागला.

भरलेला, सरळ, कुठेही न हलणारा. माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाचा. मेला धोंडू! आठ दिवस मला बनवत होता! तीन प्रदक्षिणा मी अशा वाजवल्या की माझ्या बापाने ऐकायला हव्या होत्या. सनई जिथे नेईन तिथे सूर पाठीशी उभा. ढोलवाला माना डोलवत होता. भाई पालखीला हात लावून चालत होते आणि त्यांचे डोळे ओले झालेले मला दिसले.

तिसऱ्या प्रदक्षिणेला ढोल जरा हळू झाला, तेव्हा सुराखालचा तो तोकडा श्वास ऐकू आला. नाकाने ओढलेला. आता सफाईचा होता. एकदाही चुकला नाही.

८

पालखी सभामंडपात टेकली. ढोल थांबला, झांजा थांबल्या, मी सनई खाली घेतली. सूर चालू होता. रीतच ती. तो मी सोडवायचा होता.

आणि समोरून, दीपमाळेच्या बाजूने धोंडू आला. सदऱ्याने तोंड पुसत.

"तिसऱ्या फेऱ्याक दमलंय रे, बाजूक झालंय," तो माझ्या कानाशी लागून म्हणाला. "पण तू कमाल केलंस. सनय आणि सूर दोनय एकटोच वाजवतंस?"

त्याच्या हातात सूर उलटा लोंबत होता. सुराच्या तोंडात पत्ती नव्हती. पत्ती धोंडूच्या कानावर होती, सुतार पेन्सिल ठेवतात तशी.

"ही कदी काढलंस?" मी विचारलं.

"सुरवातीकच. माका ती ओली लागली. किळस इली."

सूर चालू होता. माझ्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे. लोक प्रसादाकडे वळत होते, पण भाई माझ्याकडे बघत होते. सोडव, असं त्यांनी भुवईने खुणावलं. आवाज आता किंचित थरथरायला लागला होता. धरणाऱ्याचा दम संपत आला होता. बारा वर्षांत परशुरामच्या सुरात ते मी दोनदाच ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा मला त्याची दया आली होती.

मागे बघायचं नसतं. बघायला सांगितलं असतं तरी मी पाहिलं नसतं. मी डावा हात मागे नेला, खांद्याच्या उंचीला. तिथे काही नव्हतं. हात खाली आणला. छातीच्या उंचीला काही नव्हतं. आणखी खाली आणला, कमरेच्या जरा वर, आणि हात टेकला.

खांदा होता. बारका, उघडा, घामाने ओला. माझ्या तळव्याखाली तो थरथरत होता. हात पडताच तो एकदम सैल झाला, माझ्या मनगटावर एक लांब गरम श्वास सुटला आणि सूर थांबला. मग हाताखाली नुसती हवा राहिली.

"बाबली," भाई म्हणाले, "यंदाचो सूर म्हणजे सूर. तुझ्या घराण्याचो मान तुझ्या घरात."

सगळ्यांनी धोंडूची पाठ थोपटली. त्याने निलाजरेपणाने थोपटून घेतली आणि दोन नारळही घेतले.

९

घरी आल्यावर मी सुभद्राला सांगितलं. ती घाबरेल म्हणून हळूहळू सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"केवढो आसा?"

मी हाताने दाखवलं.

"तसा नको. किती वीत?"

"साडेचार," मी म्हटलं. ती उठली, चुलीतला कोळसा घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वितीने मोजून एक रेघ ओढली. माझ्या वितीपेक्षा तिची लहान, म्हणून माझा हात धरून पुन्हा मोजली. त्या रात्री ती जेवताना इतकी बोलली, इतकी हसली, तशी लग्न झाल्यापासून मी तिला पाहिली नव्हती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मान माझ्याकडेच आहे. एरवी लग्नाबिग्नाला सुरासाठी बाहेरून कोणी ना कोणी मिळतं, पण पालखीला धोंडू दरसाल बिनपत्तीचा सूर तोंडाला लावून गाल फुगवतो आणि पंचक्रोशीत नावाजला गेलाय. मी एकटाच दोन्ही वाजवतो असं त्याला अजून वाटतं आणि हे गुपित फोडायचं नाही असं तो मला बजावतो. पेटी उत्तम आहे, फणसाला वाळवी लागली नाही. पत्ती दर सकाळी ओली असते. सुभद्राच ती पुसून सुकवते. आणि दर माघी पौर्णिमेला मी घरी आलो की ती हात धुऊन, कोळसा घेऊन दारात उभी असते.

"किती?"

पाच. मग सव्वापाच. एका वर्षी एकदम पावणेसहा, तेव्हा तिने गोड केलं. तीन वर्षांपूर्वी तो माझ्या खांद्याला आला, सव्वासहा वीत. "बापसाएवढो झालो," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर पदर तोंडाला लावून आत गेली. तिचा आनंद बघून मी माझी भीती तिला कधी दाखवली नाही. माणूस इथवर वाढतो आणि थांबतो, असं मीही स्वतःला समजावलं होतं.

पुढच्या वर्षी हात वर करावा लागला. गेल्या वर्षी आणखी वर. घरी येऊन मी दोन्ही वेळा सव्वासहाच सांगितलं. यंदा मी चवड्यांवर उभा राहिलो, मागे न बघता हात जेवढा ताणता येईल तेवढा ताणला, तेव्हा कुठे बोटांची टोकं खांद्याला लागली. तोवर सूर थरथरायला लागला होता. श्वास सुटला तो मनगटावर नाही, वरून माझ्या डोक्यावर आला, आणि माझी टोपी हलली.

"किती?" सुभद्राने दारात विचारलं.

"गेल्या वर्षाएवढोच," मी म्हटलं.

"थांबलो बरा झाला," ती चौकटीकडे बघून समाधानाने म्हणाली. "आता आंगान भरात."

मी रात्रभर एकच गोष्ट मोजत होतो. पुढच्या वर्षी हात पोचणार नाही. आणि हात पडल्याशिवाय सूर थांबत नाही.

सकाळी धोंडूकडे गेलो. तो एका होडीची फळी तासत होता. म्हटलं, पालखीपुढे उभं राहायला एक चौरंग करून दे, आता वय झालं, लोकांना मी दिसत नाही. तो हसला. कानावरची पेन्सिल काढून त्याने विचारलं, "किती वीत उंच?"

मी डावा हात डोक्यावर जेवढा जातो तेवढा ताणून पाहिला.

"वाढत्या आंगाचो कर," मी म्हटलं.